नवा गेमिंग कन्सोल घेताना या चुका टाळा

नवा कन्सोल बाजारात आला की सुरुवातीचे काही महिने तो सहजासहजी मिळत नाही, हे खरेदीदाराने गृहीतच धरावे. सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ५ अमेरिका आणि जपानमध्ये १२ नोव्हेंबर २०२० रोजी विक्रीस आला. भारतात त्याची आगाऊ नोंदणी १२ जानेवारी २०२१ रोजी दुपारी बारा वाजता उघडली आणि काही मिनिटांतच संपली. चिपचा जागतिक तुटवडा, कोरोनाकाळात घरी बसलेल्यांची वाढलेली मागणी आणि भारताच्या वाट्याला आलेला तुटपुंजा माल ही त्याची कारणे होती. २०२५ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीचा स्विच २ हा कन्सोल आला, त्या वेळी तिच्या जपानमधील स्वतःच्या ऑनलाइन दुकानाने सोडत ठेवली, तेव्हा सुमारे २२ लाख अर्ज आले. जिथे कंपनीच्या मायदेशी ही स्थिती, तिथे आपल्या गोव्यात म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या दुकानात पहिल्याच आठवड्यात खोके मिळेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे अनोळखी विक्रेत्याला आगाऊ रक्कम पाठवणे. पर्वरीतील एका ओळखीच्या कुटुंबातील मुलाला समाजमाध्यमावर एक विक्रेता भेटला. आपले दुकान मडगावात आहे, दोनच नग शिल्लक आहेत आणि अर्धी रक्कम आजच आली तर उद्या माल घरपोच होईल, असे त्याने सांगितले. मुलाने बिल मागितले, तेव्हा शिक्का आणि जीएसटी क्रमांकासह बिलाचे छायाचित्रही आले, आणि त्याच विश्वासावर त्याने यूपीआयने पैसे पाठवले. संध्याकाळी त्या विक्रेत्याचा फोन क्रमांक बंद झाला. रात्री मुलाच्या वडिलांचा मला फोन आला, "भाऊ, पैसे गेले काय हो?" मी ते बिल पाहिले. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचा संकेतांक असतात. गोव्याचा ३० आहे, या बिलावर २७ होते, म्हणजे नोंदणी महाराष्ट्रातील. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला, तर तो कापडाच्या व्यापाऱ्याचा निघाला. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तोवर पैसे पुढच्या खात्यांत वळते झाले होते आणि ते परत मिळाले नाहीत.

जीएसटी क्रमांक तपासायला कोणतेही शुल्क नाही आणि दोन मिनिटेही लागत नाहीत. मी दुकानात उभा असलो तरी तो तपासतो, आणि "आजच पैसे पाठवा" असे म्हणणाऱ्याशी पुढे बोलत नाही. तरुण मुलांना ही सवय कंटाळवाणी वाटते, परंतु घाई करणाऱ्यांच्या जिवावरच या लोकांचा धंदा चालतो.

ऑनलाइन नोंदणीच्या दिवशी होणारी दुसरी चूक कार्डाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डावरील ऑनलाइन व्यवहार सुरुवातीला बंदच असतात आणि ते ग्राहकाने स्वतः सुरू करावे लागतात. दैनंदिन मर्यादाही कन्सोलच्या किमतीपेक्षा कमी असू शकते. आदल्या दिवशी बँकेच्या अॅपमध्ये दोन्ही तपासावे आणि आपल्या ४०३ ने सुरू होणाऱ्या पिनकोडवर तो विक्रेता माल पोहोचवतो की नाही, हेही त्याच वेळी पाहावे.

नवा हाती येण्यापूर्वी जुना कन्सोल विकू नये.

आखातातील मामाला किंवा काकाला सांगून कन्सोल मागवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्यात गैर काही नाही, मात्र वॉरंटी कुठे लागू होते हे आधी विचारले जात नाही. दुबईत घेतलेल्या यंत्राच्या दुरुस्तीची जबाबदारी भारतातील सेवा केंद्र बहुधा घेत नाही. प्लेस्टेशन ५ वर कोणत्याही देशाची गेम डिस्क चालते, परंतु त्या गेमचा अतिरिक्त भाग डिस्कच्या प्रदेशाच्याच प्लेस्टेशन खात्यावरून घ्यावा लागतो, आणि मुले भारतीय खात्यावरून तो विकत घेऊन पस्तावतात. मोपा किंवा दाबोळी विमानतळावर उतरताना मूळ बिल हातातल्या बॅगेत असावे, आणि किंमत शुल्कमुक्त मर्यादेपलीकडे जात असेल तर मामाला रेड चॅनेलनेच, म्हणजे सीमाशुल्क लागणारा माल जाहीर करण्याच्या मार्गानेच, जायला सांगावे. निन्टेन्डोचे भारतात अधिकृत वितरण नाही, त्यामुळे इथल्या दुकानातला स्विच २ हाही आयात केलेलाच असतो. दुरुस्ती कोण करून देणार, हे दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्यावे.

तुटवड्याच्या काळात काही दुकानदार छापील किमतीपेक्षा जास्त रक्कम मागतात किंवा नको असलेले गेम आणि दुसरा कंट्रोलर गळ्यात मारतात. छापील किमतीहून अधिक घेण्याचा अधिकार दुकानदाराला नाही. "सध्या हाच भाव आहे" हे उत्तर मान्य करणारे ग्राहक असतात, म्हणून तो भाव टिकतो, असे माझे स्पष्ट मत आहे. बिल मागावे, खोक्यावरील किमतीचे छायाचित्र काढावे आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. प्लेस्टेशन ५ चा तुटवडा संपल्याचे सोनीने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले, आणि त्यानंतर तोच कन्सोल छापील किमतीत, हवा तेव्हा आणि दुकानात जाऊन निवडून घेता येऊ लागला.