घरच्यांसोबत कार्ड टूर्नामेंटला जाताय? या चुका टाळा

घरी खेळताना चुकीची चाल मागे घेता येते, कोणतं कार्ड टाकावं हे शेजारी बसलेला सुचवतो आणि एखादं कार्ड सापडत नसेल तर त्याच्या जागी कागदाची चिठ्ठीही चालते. पोकेमॉन, युगिओह किंवा मॅजिक अशा, स्वतःची कार्डं जमवून खेळायच्या खेळांच्या टूर्नामेंटमध्ये यातलं काहीच चालत नाही. आणि घरची माणसं किंवा मित्रमंडळी सोबत असली की नेमक्या याच सवयी आपल्याबरोबर हॉलमध्ये येतात. माझं मत स्पष्ट आहे. आपल्या माणसाला मदत करायची ती फेरी सुरू होण्याआधी किंवा संपल्यावर, आणि तेव्हा हात राखून करायची नाही. फेरी चालू असताना मायेपोटी केलेली मदत त्यालाच महागात पडते.

फॉरमॅट न वाचता नाव नोंदवणं

टूर्नामेंट आहे एवढं कळलं की आपण सगळ्यांची नावं देऊन मोकळे होतो. पण फॉरमॅट म्हणजे कोणती कार्डं चालतात आणि डेक, म्हणजे खेळाडूचा स्वतःचा कार्डांचा गठ्ठा, कसा असावा याचे नियम, आणि ते प्रत्येक खेळात वेगळे असतात. पोकेमॉनमध्ये डेक बरोबर ६० कार्डांचा लागतो, एक कमी नाही की एक जास्त नाही, आणि बेसिक एनर्जी (अटॅकसाठी लागणारी साधी ऊर्जेची कार्डं) सोडली तर एका नावाची जास्तीत जास्त ४ कार्डं चालतात. युगिओहमध्ये मुख्य डेक ४० ते ६० कार्डांचा, एक्स्ट्रा डेक (खास कार्डांचा वेगळा गठ्ठा) आणि साइड डेक (दोन गेमांच्या मध्ये अदलाबदल करायची कार्डं) प्रत्येकी १५ पर्यंत आणि एका कार्डाच्या ३ प्रती. शिवाय बंदी घातलेल्या आणि मर्यादित कार्डांची यादी असते, ती वेळोवेळी बदलते. मॅजिकमध्ये स्वतःचा डेक घेऊन यायच्या स्पर्धेत किमान ६० कार्डं, बेसिक लँड (बाकीची कार्डं खेळायला ताकद देणारी साधी कार्डं) वगळता एका नावाची ४ आणि साइडबोर्ड, म्हणजे मॅजिकमधला साइड डेक, १५ पर्यंत. दोन खेळ खेळणारी मुलं यातले आकडे हमखास एकमेकांत मिसळतात.

जुनी कार्डं ही आणखी एक अडचण. पोकेमॉनच्या स्टँडर्ड फॉरमॅटमध्ये कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात छापलेलं इंग्रजी अक्षर बघा. कोणती अक्षरं सध्या चालतात हे आधीच जाहीर केलेलं असतं. मोठ्या भावंडाकडून धाकट्याला मिळालेला डेक बहुतेक वेळा इथेच अडकतो. ही तपासणी आठवडाभर आधी करा, म्हणजे बाद झालेल्या कार्डांना पर्याय शोधायला वेळ मिळतो. सकाळी नोंदणीच्या टेबलासमोर उभं राहून डेक नव्याने बांधायला लावणं हा लहान खेळाडूवर अन्यायच आहे.

सगळं कुटुंब पहिल्यांदाच जाणार असेल तर प्रीरिलीजला, म्हणजे नव्या कार्डांचा संच (सेट) बाजारात येण्याआधी होणाऱ्या स्पर्धेला जा, असं मी आग्रहाने सांगेन. तिथे डेक घेऊन जावाच लागत नाही. मॅजिकच्या प्रीरिलीजमध्ये सहसा ६ बूस्टर पॅक (आत कोणती कार्डं निघतील हे माहीत नसलेली बंद पाकिटं) मिळतात आणि त्यातून ४० कार्डांचा डेक तिथेच बांधायचा असतो. पोकेमॉनमध्येही ४० कार्डांचा डेक बांधून ६ ऐवजी ४ प्राइझ कार्डांवर (जिंकण्यासाठी उचलायच्या, बाजूला ठेवलेल्या कार्डांवर) खेळतात. कुणाकडे घरी किती कार्डं आहेत याने फारसा फरक पडत नाही, त्यामुळे नवखे आणि जुने बरेचसे बरोबरीने बसतात. मॅजिकमध्ये टू-हेडेड जायंट नावाचा प्रकारही आहे. दोघांची एक जोडी, दोघांत मिळून ३० लाइफ (ती शून्यावर आली की हार), आणि जोडीदाराने एकमेकांची कार्डं बघून खुलेपणाने सल्लामसलत करायची. शेजारी बसून सांगितल्याशिवाय राहवत नाही अशा आईवडिलांनी मुलाबरोबर हाच प्रकार खेळावा.

डेकलिस्ट हॉलमध्ये घाईघाईत भरणं

मोठ्या स्पर्धेत डेकमधल्या प्रत्येक कार्डाची यादी द्यावी लागते. यादी आणि प्रत्यक्ष डेक जुळला नाही तर एक गेम गमवावा लागू शकतो, मग चूक मुद्दाम केलेली असो वा नसो. मित्रांसोबत जाणाऱ्यांच्या बाबतीत हे वारंवार घडतं, कारण आदल्या रात्री कार्डांची उसनवारी चालते. कुणीतरी आपल्या डेकमधली दोन कार्डं काढून मित्राला देतो, त्या जागी दुसरी घालतो आणि यादी मात्र जुनीच राहते.

उपाय साधा आहे. शेवटचा बदल झाल्यावर सगळा डेक टेबलावर मांडा आणि यादी दुसऱ्याला वाचायला द्या. स्वतःची यादी स्वतः वाचताना डोळे लिहिलेलं सोडून मनातलंच वाचतात. पोकेमॉनमध्ये एकाच नावाची पण वेगवेगळ्या अटॅकची कार्डं असतात, म्हणून नुसतं नाव पुरत नाही, सेट आणि कार्डाचा क्रमांकही नीट उतरवा. लहान मुलाची यादी मोठ्याने लिहून दिली तरी कार्डं मोजायला त्यालाच बसवा. जजने, म्हणजे स्पर्धेच्या पंचाने, डेक तपासायला घेतला तर उत्तरं त्यालाच द्यायची आहेत.

सकाळी कळलं की एक कार्ड कमी आहे, तर आधी जुने डेकबॉक्स उघडून बघा. सरावाला काढलेलं कार्ड तिथेच राहिलेलं असतं. नाहीच सापडलं तर मित्रांना विचारा, हॉलमध्ये विक्रेते असतील तर त्यांच्याकडे बघा. तेही जमलं नाही तर यादी देण्याआधी त्या जागी बेसिक एनर्जी किंवा लँड घाला आणि यादीत तसं लिहा. यादी दिल्यानंतर लक्षात आलं तर गप्प राहू नका, स्वतः जाऊन जजला सांगा. स्वतःहून सांगितलेली चूक आणि पकडली गेलेली चूक यांच्याकडे कुठलाही जज एकाच नजरेने बघत नाही.

स्लीव्हकडे दुर्लक्ष

मागच्या बाजूने एखादं कार्ड वेगळं ओळखू येत असेल तर ते खुणेचं कार्ड धरलं जातं. मुद्दाम केलेलं असेल तर ती सरळ फसवणूक, पण नकळत झालेल्यावरही कारवाई होते. नवी कार्डं नव्या स्लीव्हमध्ये (कार्डावरच्या प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये) आणि जुनी तशीच वापरलेल्या स्लीव्हमध्ये ठेवली की फरक लगेच दिसतो. एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या दोन पाकिटांतही रंगाची छटा कधीकधी वेगळी निघते. चमकणारी फॉइल कार्डं हवेतल्या ओलाव्यामुळे वाकतात, आणि मुलांना तर नेमकी तीच डेकमध्ये हवी असतात. डेक टेबलावर ठेवल्यावर एखाद्या ठिकाणी फट दिसली, कट करताना तो दर वेळी त्याच जागी तुटू लागला, तर वाकलेलं कार्ड तिथेच आहे. ते सपाट करून घ्या किंवा त्याची साधी प्रत वापरा.

स्पर्धेआधी सगळ्या डेकला एकाच पाकिटातल्या नव्या स्लीव्ह घाला आणि त्याच पाकिटातल्या उरलेल्या बरोबर ठेवा. फेरीच्या मध्ये स्लीव्ह फाटली तर जजला सांगून बदला.

खुर्चीमागे उभं राहणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून यावर जरा सविस्तर बोलतो.

आई, बाबा, ताई, मित्र, सगळे बघायला येतात आणि आपल्या माणसाच्या पाठीशी उभे राहतात. त्याने चुकीचं कार्ड उचललं की कुणाच्या तरी तोंडून “अरे!” निघतं. कुणी खोकतो, कुणी डोळे मोठे करतो. खेळणारा ते ऐकतो, बघतो आणि हातातलं कार्ड बदलतो. नियमांच्या भाषेत ही बाहेरून मिळालेली मदत. मॅजिकच्या स्पर्धात्मक पातळीवर तिची शिक्षा म्हणजे पूर्ण मॅच गमावणं. मदत करणारा स्वतः त्या स्पर्धेत खेळत असेल तर शिक्षा त्यालाही होते. समोरच्याला कळणार नाही अशा भाषेत कुजबुजलात तर संशय आणखी वाढतो, अगदी तुम्ही घरी फोन करण्याबद्दल बोलत असलात तरी.

त्यामुळे उभं राहायचंच असेल तर असं राहा की खेळणाऱ्याला तुमचा चेहरा दिसणार नाही आणि तुम्हाला त्याच्या हातातली कार्डं दिसणार नाहीत. दुसरी गोष्ट पाळणं कठीण जातं, पण कार्डं दिसली नाहीत तर चेहऱ्यावर काही उमटण्याचा प्रश्नच येत नाही. पोटच्या मुलाच्या बाबतीत हे जमणार नाही असं वाटत असेल तर त्या फेरीला बाहेर फेरफटका मारून या. काही मोठ्या स्पर्धांत प्रेक्षकांना टेबलांपासून लांबच ठेवतात, त्याचं कारण हेच.

मग नियमाची चूक होताना दिसली तर? समजा, समोरच्याने एकाच टर्नमध्ये दोनदा एनर्जी जोडली आणि तुमच्या मुलीच्या ते लक्षात आलं नाही. तिला सांगू नका. सरळ जजकडे जा आणि काय पाहिलं ते त्यांना सांगा. पुढचं ते बघतील. चाल चांगली होती की वाईट याबद्दल मात्र कुणाकडेच जायचं नाही.

मुलांना एकटं बसवण्याआधी घरी एका गोष्टीचा सराव जरूर करून घ्या. हात वर करायचा आणि स्पष्ट आवाजात “जज!” म्हणायचं. जजला बोलावणं म्हणजे समोरच्याची तक्रार करणं असं लहान मुलांना वाटतं आणि ती गप्प बसतात. मोठा खेळाडू ठामपणे काही बोलला की ते खरंच असेल असं धरून चालतात. त्यांना सांगा, जज हे दोघांसाठीही असतात. हे कार्ड नेमकं काय करतं, आता कुणाची टर्न आहे, माझी प्राइझ कार्डं बरोबर आहेत का, काहीही विचारता येतं. निर्णय पटला नाही तर मुख्य जजकडे दादही मागता येते. कोणती चाल खेळू, हे मात्र ते सांगणार नाहीत. ज्या मुलाला जजला बोलावता येतं त्याच्या खुर्चीमागे कुणी उभं राहायची गरज पडत नाही.

आपापसात सामना लागल्यावर तडजोड करणं

सोबत गेलेले दोघे एकमेकांसमोर येतात, छोट्या स्पर्धेत तर हे अगदी सहज होतं. मग कुणीतरी सुचवतं, “या वेळी तू जिंक, बक्षीस वाटून घेऊ.” बोलणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही, पण निकालाच्या बदल्यात काहीही देऊ करणं ही लाच धरली जाते आणि दोघेही स्पर्धेतून बाद होऊ शकतात. वेळ संपत आली म्हणून फासे टाकून विजेता ठरवला तरी परिणाम तोच. कुठलीही अट न घालता हार मान्य करता येते. ठरवून बरोबरी घेणं काही खेळांत चालतं, काहींत नाही, म्हणून त्याबद्दल आधी जजला विचारा. दोन भावंडं समोरासमोर आली तर त्यांना मनापासून खेळू द्या. धाकट्याला जिंकू दे, असं मोठ्याला सांगू नका.

दिवसाचा हिशोब चुकणं

एक मॅच हरली की घरी निघायचं, असा अनेकांचा समज असतो आणि दिवसाचा बेत त्यावरच ठरतो. प्रत्यक्षात बहुतेक स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. त्यात हरणारा बाद होत नाही, जवळपास सारख्याच गुणांच्या खेळाडूशी त्याची पुढची जोडी लागते. ८ खेळाडूंना साधारण ३ फेऱ्या, १६ ना ४, ३२ ना ५ आणि ६४ ना ६. तीन गेमांच्या मॅचला बहुतेक ५० मिनिटं असतात. म्हणजे ६ फेऱ्यांचा नुसता खेळच ५ तासांचा, वर मधला वेळ, आणि पहिल्या आठांत आलात तर त्यानंतरच्या मॅचेस वेगळ्या. सात तास धरूनच निघा. पोकेमॉनमध्ये ज्युनियर, सीनियर आणि मास्टर्स असे वयोगट असतात, त्यामुळे भावंडांच्या फेऱ्या वेगवेगळ्या वेळी संपू शकतात. एखादा मोठा माणूस न खेळता मोकळा राहील अशी व्यवस्था केलेली बरी.

फेरीची जोडी लागली की थेट टेबलावर जा, उशिराला शिक्षा असते. मधूनच निघायचं असेल तर तसं सांगून नाव काढून घ्या, नाहीतर पुढच्या फेरीत कुणीतरी रिकाम्या खुर्चीसमोर वाट बघत बसतो.

दोन फेऱ्यांच्या मध्ये

मॅच संपली की निकालाच्या कागदावर किंवा अ‍ॅपमध्ये काय नोंदवलं गेलं ते स्वतः वाचा, मगच उठा. जिंकलेलं मूल आनंदाने धावत सुटतं आणि कागदावर निकाल उलटा लिहिलेला राहतो. पुढची फेरी लागल्यावर तो दुरुस्त करणं अवघड होऊन बसतं.

साइड डेकमधली बदललेली कार्डं परत जागेवर गेली का, डेकची संख्या बरोबर आहे का, हे प्रत्येक फेरीनंतर बघा. खरी मदत इथे करता येते, तेव्हा दोघांनी मिळून मोजा. हरून आलेल्याला मात्र लगेच “तू ते कार्ड का नाही खेळलास?” असं विचारू नका. पाणी द्या, जरा मोकळ्या हवेत नेऊन आणा. चर्चा करावीशी वाटली तर ते स्वतःच सुरू करेल, आणि पुढच्या फेरीला दहाच मिनिटं उरली असतील तर ती घरी गेल्यावर झालेलीच चांगली.

कार्डांची अदलाबदल याच वेळात चालते. मुलांना सांगून ठेवा की खेळायच्या डेकमधलं कार्ड स्पर्धा संपेपर्यंत द्यायचं नाही आणि किमती कार्डाचा व्यवहार घरच्या मोठ्यांना विचारल्याशिवाय करायचा नाही. फोल्डर टेबलावर सोडून कुठेही जाऊ नये, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपला डेक पुन्हा एकदा मोजावा. एखादं कार्ड कमी भरलं तर ते बहुधा शेवटच्या प्रतिस्पर्ध्याच्या डेकमध्ये गेलेलं असतं, दोघांच्या स्लीव्ह सारख्या रंगाच्या असतील तर अधिकच. आयोजकांकडे जोड्यांची यादी असते. तो खेळाडू हॉलमध्ये असेपर्यंत सांगितलंत तर त्याला बोलावून दोन्ही डेक एकत्र तपासता येतात.