डॅशहंड पाळताना या चुका टाळा: दुखण्याला हट्ट समजू नका

डॅशहंड पाळणाऱ्यांच्या तोंडी दोन वाक्ये हमखास असतात. एक म्हणजे "हा फार हट्टी आहे" आणि दुसरे "हल्ली आळशी झालाय". पहिल्यात बरेच तथ्य असते. दुसरे मात्र दर वेळी तपासून पाहावे लागते, कारण या जातीत जो आळस वाटतो तो अनेकदा पाठीचा किंवा मानेचा त्रास असतो आणि तो ओळखण्यात गेलेला एखादा दिवसही कुत्र्याला फार महागात पडू शकतो.

मुळात हे कुत्रे जर्मनीत बिज्जूच्या, म्हणजे बिळात राहणाऱ्या बॅजर या प्राण्याच्या, शिकारीसाठी तयार केले गेले. जर्मन भाषेत 'डाक्स' म्हणजे बिज्जू आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. बिळात शिरता यावे म्हणून निवडलेले हे आखूड पाय कूर्चेच्या वाढीतील जनुकीय बदलामुळे आले आहेत आणि त्याच घराण्यातला दुसरा एक बदल मणक्यांमधल्या गाद्यांवर परिणाम करतो. इतर अनेक कुत्र्यांमध्ये गादीचा गाभा बरीच वर्षे मऊ, लवचीक राहतो. डॅशहंडमध्ये मात्र तो लहान वयातच सुकू लागतो, कडक होतो आणि त्यात कॅल्शियम साचते. अशी गादी एखाद्या दिवशी अगदी साध्या हालचालीनेही फुटते आणि तिचा गाभा मज्जारज्जूवर दाबला जातो. साधारणपणे 4 ते 5 डॅशहंडमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, तोही बहुधा 3 ते 7 वर्षे या भर उमेदीच्या काळात. त्यामुळे असे झाल्यावर स्वतःला दोष देत बसण्यात अर्थ नाही. आनुवंशिकता आपल्या हाती नसते. आपल्या हाती असते ते वजन, वावर आणि वेळेवर लक्ष देणे.

लक्षणे ओळखण्यात होणारी चूक

सर्वात मोठी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. आमची डॅशहंड सहा वर्षांची असताना एका संध्याकाळी जेवणाच्या भांड्यापाशी आली, वास घेतला, मान थोडी खाली नेली आणि दोन पावले मागे सरली. पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. जेवणाचे नखरे सुरू झाले असे समजून आम्ही अन्न बदलले, तरी तेच. शेवटी मी सहज भांडे उचलून तिच्या तोंडाच्या उंचीवर धरले, तेव्हा तिने ते क्षणात चाटूनपुसून स्वच्छ केले. भूक होती, पण मान खाली जात नव्हती. केसांवरून हात फिरवला तेव्हा मानेचे स्नायू हाताखाली तटतटून थरथरत होते. मानेतली गादी सरकली होती आणि आम्ही दोन दिवस तिला नखरेल म्हणत होतो. त्या दोन दिवसांची रुखरुख मला आजही वाटते.

अशी चिन्हे बारीक असतात. रोज सोफ्यावर चढणारा कुत्रा पुढचे पाय वर ठेवून थबकतो, पाठ कमानीसारखी वर घेऊन चालतो, विनाकारण थरथरतो किंवा उचलताना किंचाळतो. कुत्रा विव्हळत नाही म्हणजे दुखत नाही, असे मुळीच नसते. त्यापुढची पायरी म्हणजे मागचे पाय अडखळणे, एकमेकांत अडकणे आणि पंजाची वरची बाजू जमिनीला घासत चालणे. असे दिसले तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्य गाठावा. मागचे पाय पूर्ण लुळे पडले किंवा लघवी होईनाशी झाली तर एकेक तास मोलाचा असतो. पायांत वेदनेची खोल जाणीव शिल्लक असताना उपचार झाले तर कुत्रा पुन्हा चालू लागण्याची शक्यता चांगली असते. ती जाणीव गेल्यावर शक्यता बरीच घटते.

घरातल्या औषधांच्या डब्यातली वेदनाशामक गोळी देणे ही याच प्रसंगातली दुसरी गंभीर चूक आहे. माणसांच्या आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. शिवाय आपण काही गोळी दिलेली असेल तर पशुवैद्याला हवे ते औषध लगेच सुरू करता येत नाही, कारण स्टेरॉइड आणि वेदनाशामके एकत्र देणे धोक्याचे असते.

शस्त्रक्रियेची गरज नसेल तर साधारण 4 ते 6 आठवडे क्रेटमध्ये (कुत्र्याच्या पिंजऱ्यात) किंवा छोट्या कुंपणात सक्तीची विश्रांती सांगितली जाते. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. औषधाने दुखणे आठवड्याभरात कमी होते, कुत्रा शेपटी हलवत बाहेर सोडा म्हणतो आणि आपलाही जीव विरघळतो. पण दुखणे थांबले तरी गादीभोवतीची जखम तेव्हा भरलेली नसते. शी-शूसाठी पट्टा लावून, सावकाश नेऊन परत आणणे, एवढीच मोकळीक द्यावी.

उचलणे, उड्या आणि वजन

पुढच्या दोन पायांखाली बगलेत धरून लहान मुलासारखे उचलू नये. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या भागाखाली ठेवावा, म्हणजे पाठ जमिनीला समांतर राहते. पलंग आणि सोफ्याला उतार असलेला रॅम्प लावावा. रॅम्पचा पृष्ठभाग घसरडा असेल तर कुत्रा त्यावर पायच ठेवत नाही आणि मग "त्याला रॅम्प आवडत नाही" असे ठरवून आपण तो काढून ठेवतो. आधी त्यावर खरखरीत चटई चिकटवून पाहावी. गुळगुळीत फरशीवर त्याच्या नेहमीच्या वाटेवर सतरंजी किंवा पायपुसणी घालावीत. फिरवताना मानेच्या पट्ट्याऐवजी हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, वापरावा.

मात्र या भीतीपोटी त्याचे चालणेच बंद करणे ही उलटी चूक ठरते. पाठीला आधार स्नायू देतात आणि स्नायू चालण्यानेच टिकतात. निरोगी, प्रौढ डॅशहंडला रोज नियमित फिरणे हवेच.

वजनाबाबत हिशोब सरळ आहे. मिनिएचर डॅशहंड साधारण 5 किलोपर्यंतचा असतो, तर स्टँडर्ड साधारण 7 ते 14 किलोंचा. म्हणजे 5 किलोच्या कुत्र्यावर 1 किलो चढले तर शरीराच्या पाचव्या हिश्शाएवढा भार वाढला. हलक्या हाताने चाचपल्यावर बरगड्या सहज लागायला हव्यात आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसायला हवी. घरातला प्रत्येक जण "एकच तुकडा" देतो, म्हणून दिवसाचा खाऊ सकाळीच एका वाटीत काढून ठेवावा आणि सर्वांनी त्यातूनच द्यावा.

ओरडण्याने न सुटणारे प्रश्न

बिळाच्या अंधारात, मालकाच्या नजरेआड, स्वतःच्या बुद्धीने निर्णय घेणारा कुत्रा हवा म्हणून ही जात घडवली गेली. त्यामुळे हाक ऐकूनही तो विचार करत उभा राहतो, हा त्याचा उद्धटपणा नव्हे. घरात शू केल्यावर रागावले तर तो फक्त आपल्यासमोर शू करणे टाळायला शिकतो आणि पलंगामागचा कोपरा शोधतो. जेवणानंतर, झोपेतून उठल्यावर आणि खेळून झाल्यावर बाहेर न्यावे, आणि बाहेर शू होताच तिथेच बक्षीस द्यावे. घरात आल्यावर दिलेला खाऊ त्याच्या लेखी दारातून आत येण्याचे बक्षीस असतो. डाग मात्र एन्झाइमयुक्त क्लीनरने पुसावा, नाहीतर वास त्याला पुन्हा त्याच जागी आणतो. इतके दिवस नीट वागणारा कुत्रा अचानक घरात शू करू लागला तर आधी लघवीची तपासणी करून घ्यावी आणि पाठही पशुवैद्याला दाखवावी.

दात आणि कान यांकडे सहज दुर्लक्ष होते. दात रोज घासावेत. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा आत पाहून वास घ्यावा.

पिल्लू अजून आणायचे असेल तर 'डबल डॅपल' रंगाच्या मोहात पडू नये. दोन डॅपल (अंगावर फिकट-गडद चट्टे असलेल्या) कुत्र्यांच्या संकरातून अशी पिल्ले जन्मतात आणि त्यांच्यात बहिरेपणा, अंधत्व आणि डोळ्यांची अपुरी वाढ यांचा धोका मोठा असतो. आई आणि वडील दोघांनाही प्रत्यक्ष पाहावे आणि त्यांच्यापैकी कोणाला पाठीचा त्रास झाला होता का, हे स्पष्ट विचारावे.