जुन्या आउटबोर्डला करंट (प्लगला ठिणगी) येईना? प्लग बदलायच्या आधी या चुका टाळा

नारळी पौर्णिमेच्या सुमाराला आमच्या किनाऱ्यावर दरवर्षी तेच, पावसाळाभर पडवीत गोणपाटाखाली ठेवलेलं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं मशीन, होडीला लावायचं, दोरी खेचून खेचून खांदा उतरला की पोराला पिटाळायचं, "जा, नवीन प्लग आण". मीपण तेच केलं. दोन सिलेंडरचं जुनं टू-स्ट्रोक, प्लगची जोडी बदलली, काही नाही, मग मेस्त्री म्हणाला सीडीआय, म्हणजे ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, गेला (किंमत ऐकून मी वाळूतच बसलो), आणि शेवटी निघालं काय तर स्टॉप स्विच. आत खारं पाणी जाऊन हिरवट मळ धरलेला आणि सगळा करंट तिथूनच अर्थ होत होता (इंजिनच्या बॉडीत उतरत होता).

म्हणून आधी हाताला बांधायच्या लाल दोरीची क्लिप जागेवर आहे का बघा. हसू नका, भलेभले फसलेत. मग स्टॉप स्विचची वायर कपलरमधून सोडवून दोरी मारा, करंट आला की चोर सापडला. फक्त गियर न्यूट्रलला ठेवा, आणि मशीन चालू झालंच तर ते बटणाने बंद होणार नाही, चोक ओढायला लागेल.

करंट बघताना प्लग कॅपला लावून हवेत लोंबकळत ठेवायचा नाही. दोन्ही प्लगचा लोखंडी भाग इंजिनला घट्ट टेकलेला हवा, नाहीतर सीडीआय, कॉइलवर ताण येतो आणि झटका बसतो तो वेगळाच. प्लगच्या भोकापासून लांब टेकवा, आतून पेट्रोल उडतं. आणि बारीक पिवळी ठिणगी दिसली म्हणून खूश होऊ नका, कॉम्प्रेशनमध्ये ती टिकत नाही, निळी आणि टचटच वाजणारी हवी.

रॉकेलवाल्यांची चूक वेगळीच. पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर टाकतात ते बरोबर, पण किनारा आला की तसंच बंद करतात. शेवटची काही मिनिटं परत पेट्रोलवर चालवा, नाहीतर सकाळी कार्बोरेटरमधलं रॉकेल थंड इंजिनात जातं, प्लग ओला काळा निघतो आणि शिव्या प्लगला. कॉफीसारखा तपकिरी असेल तर तो ठीक आहे, हात लावू नका. पांढराफटक, फोड आलेला असेल तर मात्र इंजिन जास्त तापतंय किंवा इंधन कमी पडतंय.

नंबर पण बघून घ्या, दुकानदार देईल तो नको. एनजीकेत आकडा मोठा तेवढा प्लग थंड (म्हणजे उष्णता लवकर सोडणारा), बॉशमध्ये नेमकं उलट. नवा प्लग आधी हाताने बसवायचा, टेकला की पान्याने अर्धा फेरा, बस. पान्यावर उभं राहून आवळला की अॅल्युमिनियम हेडचे आटे गेलेच.

सीडीआयच्या आधीची, पॉइंटवाली (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांची) मशीन असतील तर पावसाळ्यात पॉइंटवर पापुद्रा धरतो. पॉलिश पेपर हलका फिरवा, मग कोरडा कागद, आणि पॉइंटमधली गॅप फिलर गेजने मोजून लावा (जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडला ०.०२० इंच). त्यासाठी मॅग्नेट (वरचं फ्लायव्हील) काढावं लागतं, ते पुलरनेच, हातोडीने नाही. बसवताना खालची अर्धगोल चावी नीट बघा, ती कातरली असेल तर करंट छान दिसतो पण टायमिंग सरकतं, आणि दोरी मारली की हँडल हातातून हिसकतं.