जपानमध्ये रिकामे घर भरताना : रिसायकल शॉपमधील खरेदीविषयी

जपानमध्ये भाड्याने मिळणारे घर बहुधा रिकामे असते. फ्रिज, वॉशिंग मशीन, गॅसची शेगडी आणि पडदे भाडेकरूने आणायचे असतात; पुष्कळ घरांत छताला दिवासुद्धा नसतो, तो अडकवण्याची खाच तेवढी असते. दोन-तीन वर्षांच्या कामासाठी पुण्याहून किंवा मुंबईहून आलेल्या माणसाने हे सगळे नवे घ्यायचे ठरवले, तर पहिल्या पगाराचा मोठा भाग त्यातच जातो. अशा वेळी ‘रिसायकल शॉप’ म्हणजे जुन्या वस्तूंचे दुकान गाठावे, हा सल्ला नव्याने आलेल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी देतोच. सल्ला योग्य आहे, पण अर्धा आहे. येथे जुनी वस्तू घेताना तिची किंमत जितकी पाहायची, तितकेच ती पुढे आपल्या घरातून बाहेर कशी जाणार हेही पाहायचे असते.

याचे कारण कचऱ्याच्या नियमांत आहे. 2001 सालच्या एप्रिलमध्ये लागू झालेल्या कायद्यानुसार एसी, टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन या वस्तू टाकून देताना त्यांच्या पुनर्प्रक्रियेचे शुल्क आणि वाहतुकीचा खर्च टाकणाऱ्यालाच भरावा लागतो, आणि दोन्ही मिळून काही हजार येन सहज होतात. इतर मोठ्या सामानाची, म्हणजे टोकियोच्या 23 वॉर्डांत साधारणपणे जिची एखादी बाजू 30 सेंटिमीटरपेक्षा मोठी भरते अशा प्रत्येक वस्तूची, पालिकेकडे आधी नोंदणी करावी लागते, कोंबिनी नावाच्या छोट्या सोयीच्या दुकानातून शुल्काचे स्टिकर आणून चिकटवावे लागते आणि ठरलेल्या दिवशी सकाळी ती बाहेर ठेवावी लागते. आपल्याकडे भंगारवाला दारात येतो आणि वर चार पैसे देऊन जातो. येथे वस्तू काढून टाकायलाच पैसे मोजावे लागतात. म्हणूनच उत्तम चालणारे सामानही लोक नाममात्र किमतीला, कधी कधी फुकटही, देऊन मोकळे होतात. ग्राहकाचा फायदा यातच आहे आणि फसगतही यातच आहे. दहा-बारा वर्षे वापरलेला फ्रिज कोणी फुकट देऊ केला, तर तो टाकण्याचा खर्च आपल्या नावावर चढला, असे समजून मगच होकार द्यावा.

दुकाने कोणती

साखळी दुकानांची नावे लवकरच तोंडी बसतात. हार्ड-ऑफमध्ये ध्वनियंत्रणा, कॅमेरे, संगणक आणि वाद्ये मिळतात. ऑफ-हाऊसमध्ये भांडी, कपडे, फर्निचर आणि घरगुती उपकरणे. आणि शहराबाहेर ही दोन्ही दुकाने पुष्कळदा एकाच इमारतीत असतात. बुक-ऑफची सुरुवात 1990 साली सागामिहारा येथे जुन्या पुस्तकांपासून झाली, पण आता तिच्या मोठ्या शाखांत कपड्यांपासून खेळण्यांपर्यंत बरेच काही असते. सेकंड स्ट्रीट मुख्यतः कपड्यांसाठी, तर ट्रेझर फॅक्टरी उपकरणे आणि फर्निचर यांसाठी उपयोगी पडते. रेल्वे स्थानकाजवळच्या शाखा लहान असतात आणि तेथे कपडे व पिशव्या यांचाच भरणा अधिक असतो. फ्रिज आणि वॉशिंग मशीन पाहायचे असेल, तर हमरस्त्यालगतच्या, समोर मोठे वाहनतळ असलेल्या शाखेत जावे. कपड्यांच्या हौशी लोकांना शिमोकिताझावा आणि कोएन्जी हे टोकियोतील भाग आवडतात. मात्र तेथे जुन्या कपड्याला फॅशनचा भाव लागतो, त्यामुळे काटकसर हा हेतू असल्यास तेथे जाण्यात अर्थ नाही.

चिठ्ठी वाचणे

या दुकानांचा मोठा गुण असा की वस्तूतील दोष बहुधा चिठ्ठीवर लिहिलेला असतो. उजव्या बाजूला ओरखडा आहे, रिमोट नाही, झाकणाला बारीक तडा आहे, इतक्या बारकाईने नोंद केलेली असते. जपानी वाचता येत नसेल तर फोनच्या कॅमेऱ्यातील भाषांतराने काम भागते. तरी काही शब्द डोळ्यांना ओळखीचे करून घ्यावेत. ‘दोसा काकुनिन-झुमी’ म्हणजे वस्तू चालवून पाहिलेली आहे. ‘मिशियो’ म्हणजे न वापरलेली. लग्नाच्या आहेरात आलेले चादरींचे आणि बश्यांचे संच या शिक्क्याखाली खोक्यासकट मिळतात आणि ते घेण्यासारखे असतात. ‘गेन्जो-वाताशी’ म्हणजे आहे त्या स्थितीत, आणि ‘हेम्पिन फुका’ म्हणजे परत घेतली जाणार नाही. शेवटचे दोन शब्द मोठ्या उपकरणावर दिसले तर पुढे चालू लागावे. चांगली दुकाने मोठ्या उपकरणांवर काही महिन्यांची हमी देतात. ती किती आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती मिळणार की पैसे परत, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

उपकरण कोणत्या वर्षी बनले, हे किमतीइतकेच महत्त्वाचे आहे. ते चिठ्ठीवर असतेच, शिवाय यंत्राच्या मागच्या किंवा बाजूच्या पट्टीवरही छापलेले असते. वर्ष जपानी कालगणनेत, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीनुसार, दिले असेल, तर रेइवाच्या आकड्यात 2018 मिळवावेत आणि हेइसेइच्या आकड्यात 1988. म्हणजे रेइवा 3 हे 2021 होते आणि हेइसेइ 28 हे 2016. वॉशिंग मशीन, एसी आणि पंखा यांच्यावर 2009 सालापासून प्रमाणित वापराची मुदतही छापलेली असते. दोन सारखी मशीन समोर असतील आणि दोन वर्षांनी नवे असलेले थोडे महाग असेल, तर मी नवे घेण्याच्या बाजूचा आहे, कारण आपण परत निघताना ते विकले जाण्याजोगे असते. दुकाने ठरावीक वर्षांपेक्षा जुनी उपकरणे घेतच नाहीत.

वीज आणि गॅस

येथे भारतीय माणसाची हमखास गफलत होते. जपानमध्ये घरगुती वीज 100 व्होल्टची असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण देशाच्या पूर्व भागात ती 50 हर्ट्झची आणि पश्चिम भागात 60 हर्ट्झची असते, हे अनेकांच्या गावी नसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रे आणली आणि ओसाकाने अमेरिकन, तेव्हापासून शिझुओकातील फुजी नदी आणि निइगातातील इतोइगावा यांच्या आसपासची ही सीमारेषा कायम आहे. नव्या इन्व्हर्टर उपकरणांना दोन्ही चालतात, परंतु जुन्या आणि स्वस्त मायक्रोवेव्हवर ‘50 हर्ट्झ’ किंवा ‘60 हर्ट्झ’ असे एकच लिहिलेले असू शकते. टोकियोत असा मायक्रोवेव्ह स्वस्तात घेतला आणि वर्षभराने ओसाकाला बदली झाली, तर तो तेथे उपयोगाचा नाही. पट्टीवर दोन्ही आकडे असतील तेच यंत्र घ्यावे.

गॅसच्या शेगडीबाबत तर काटकसर नंतर, सुरक्षितता आधी. काही घरांत नळाने येणारा शहरी गॅस असतो, काहींत सिलिंडरचा प्रोपेन. शेगड्या निरनिराळ्या असतात आणि चुकीची शेगडी जोडणे धोक्याचे आहे. आपल्या घरातील गॅस कोणता हे घरमालकाकडून किंवा गॅस कंपनीकडून लेखी घ्यावे, आणि शेगडीवर छापलेल्या प्रकाराशी ते जुळते का ते पाहावे. इंडक्शन शेगडी असलेल्या घरात राहणाऱ्याने जुनी भांडी घेताना खिशात लहानसे चुंबक ठेवावे. बुडाला ते घट्ट चिकटले तर भांडे चालेल. भारतातून आणलेला ॲल्युमिनियमचा साधा कुकर अशा शेगडीवर तापणार नाही. आपला 230 व्होल्टचा मिक्सरही येथील विजेवर नीट चालत नाही, आणि जपानी मिक्सर ओल्या खोबऱ्याच्या चटणीपुढे हात टेकतो. या एका बाबतीत जुन्या बाजाराकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

दुकानात यंत्र तपासताना संकोच करू नये. वॉशिंग मशीनचे झाकण उघडून आत नाक घालावे. बुरशीचा वास येत असेल तर तो सहसा जात नाही. तळाची गाळणी बाहेर काढून पाहावी. फ्रिजच्या दाराचे रबर बोटाने सगळीकडून दाबावे आणि दार कोणत्या बाजूला उघडते हे आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीशी ताडून पाहावे. घरून निघतानाच मोजपट्टीने दाराची, जिन्याच्या वळणाची आणि वॉशिंग मशीनखालच्या प्लॅस्टिकच्या तबकाची मापे घेऊन ठेवावीत. काही दुकाने सामान न्यायला छोटा ट्रक तास-दीड तास फुकट वापरायला देतात, पण त्यासाठी जपानमध्ये ग्राह्य धरला जाणारा वाहनपरवाना लागतो. नसेल तर घरपोच खर्च किमतीत धरून मगच स्वस्त-महाग ठरवावे.

जंकचा कोपरा

हार्ड-ऑफमध्ये मागच्या बाजूला निळ्या प्लॅस्टिकच्या पेट्यांची रांग असते. त्यांत गुंतलेल्या तारा, मालक हरवलेले रिमोट, चार्जर, कीबोर्ड, एका कानाने ऐकू येणारे हेडफोन असे सगळे एकत्र पडलेले असते, आणि वरच्या फळ्यांवर ॲम्प्लिफायर व टेप डेक असतात. प्रत्येकावर ‘जंक’ अशी चिठ्ठी असते. तिच्याखाली कधी ‘वीज येते, पुढचे तपासलेले नाही’ इतकीच ओळ असते. जंक म्हणजे हमी नाही, परत नाही, तक्रार नाही. तरीही हा कोपरा टाळू नये, कारण जंक म्हणून ठेवलेली वस्तू बिघडलेलीच असते असे नाही. तपासायला सुटा भाग नव्हता म्हणूनही ती तेथे येते. दुकानात चाचणीसाठी वीज जोडणी ठेवलेली असते, तेथे वस्तू लावून पाहावी. तारा, अडॅप्टर आणि लहान स्पीकर येथून घ्यावेत. फ्रिज किंवा वॉशिंग मशीन मात्र कधीही जंक म्हणून घेऊ नये. ते चालले नाही तर दुप्पट खर्च होतो, एकदा घेण्याचा आणि एकदा टाकण्याचा.

कॅमेऱ्याची भिंग घेणाऱ्याने ती उजेडासमोर धरून आतून पाहावी. जपानच्या दमट उन्हाळ्यात भिंगांना बुरशी लागते आणि ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. किमती वस्तूसाठी टोकियोतील शिंजुकू आणि नाकानो येथील खास कॅमेऱ्यांच्या दुकानांत दोन पैसे जास्त देणे परवडते, कारण तेथे वस्तू जाणकाराने तपासलेली असते.

सायकल आणि फोन

या दोन वस्तूंना कागदपत्रांची जोड आहे. जपानमध्ये प्रत्येक सायकलची चोरीप्रतिबंधक नोंदणी असते आणि पोलीस रस्त्यात थांबवून तो क्रमांक तपासतात. मित्राकडून किंवा अनोळखी माणसाकडून सायकल घेतली आणि नोंदणी त्याच्याच नावावर राहिली, तर चौकीत बसून खुलासा करण्याची पाळी येते. जुन्या मालकाने नोंदणी रद्द केली आहे ना, आणि हस्तांतराचा कागद दिला आहे ना, हे पाहूनच सायकल घ्यावी, आणि ती लगेच आपल्या नावावर नोंदवावी. दुकानातून घेतल्यास हे काम दुकानदारच करून देतो. जुन्या फोनबाबत, कंपनी काही फोनांचे नेटवर्क बंद करू शकते; पूर्वी आधीच्या मालकाने हप्ते थकवले तरी ते बंद होत असे. फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, त्या कंपनीच्या पानावर टाकला की गोल, त्रिकोण किंवा फुली अशी खूण दिसते. फुली असेल तर फोन घेऊ नये, आणि त्रिकोण असेल तर नेटवर्क बंद पडल्यास बदलून देण्याची हमी दुकानाकडून घ्यावी.

भाव करण्याविषयी

पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस करण्याची सवय असलेल्याने ती साखळी दुकानांच्या दारातच ठेवावी. तेथे चिठ्ठीवरचा भाव हाच भाव असतो. मात्र देवळांच्या आवारातील बाजारांत नम्रपणे विचारण्यास हरकत नसते. क्योतोमध्ये दर महिन्याच्या 21 तारखेला तोजी मंदिरात आणि 25 तारखेला कितानो तेनमांगू येथे असे बाजार भरतात. टोकियोतील सेतागायाचा बोरोइची हा बाजार 1578 सालापासूनची परंपरा सांगतो आणि 15 व 16 डिसेंबर, तसेच 15 व 16 जानेवारी या दिवशी भरतो. एकाच विक्रेत्याकडून दोन-तीन वस्तू घेऊन ‘थोडे कमी होईल का’ असे विचारले, तर बहुधा काही सुटते. निम्म्या भावापासून सुरुवात करणे असभ्य दिसते. येथे चिनी मातीचे पेले, लाखेच्या वाट्या आणि जुने किमोनो पाहावेत. रेशमी किमोनो काही वेळा नव्या सुती शर्टापेक्षाही स्वस्त मिळतो. घड्यांच्या रेषांवर रंग उडाला आहे का आणि अस्तरावर पिवळे डाग आहेत का, तेवढे उलटून पाहावे. भारतात न्यायला याच वस्तू उत्तम, कारण त्यांना व्होल्टेज नसते. याउलट 100 व्होल्टचा राइस कुकर घरी नेला, तर सोबत जड ट्रान्सफॉर्मरही घ्यावा लागतो.

देण्याघेण्याचे ॲप आणि परतीची तयारी

जिमोती या ॲपवर शेजारपाजारचे लोक सामान फुकट किंवा अल्प किमतीत देतात. मेरुकारी या ॲपवर घेतलेली वस्तू टपालाने येते आणि आपण ती मिळाल्याची नोंद करेपर्यंत विक्रेत्याला पैसे मिळत नाहीत, त्यामुळे वस्तू नीट तपासूनच नोंद करावी. देश सोडून जाणारे परदेशी रहिवासी ‘सायोनारा सेल’ लावतात. टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतीय वस्ती मोठी असल्याने तेथील ओळखींतून पोळपाट-लाटण्यापासून मसाल्याच्या डब्यापर्यंत असे सामान मिळते, जे कोणत्याच रिसायकल शॉपमध्ये सापडणार नाही. जपानचे शैक्षणिक आणि आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, म्हणून मार्चच्या अखेरीस सारा देश घरे बदलत असतो. फुकट सामान तेव्हा सर्वाधिक सुटते, पण दुकानांत तेव्हाच गर्दी असते. फक्त गाद्या आणि कापडी सोफे कोणाकडूनही घेऊ नयेत. ढेकूण एकदा घरात शिरले की वाचवलेले सगळे पैसे त्यांच्या मागे जातात.

परत निघताना हाच मार्ग उलटा चालावा. विकण्यासाठी दुकानात जाताना रहिवासी कार्ड बरोबर ठेवावे, कारण जुन्या वस्तूंच्या व्यापाराच्या कायद्यामुळे दुकानाला विकणाऱ्याची ओळख तपासावी लागते. पैसे थोडेच हाती येतात, पण टाकण्याचा खर्च वाचतो. ध्वनिक्षेपक लावून ‘काहीही फुकट नेतो’ असे सांगत फिरणाऱ्या ट्रकवाल्यांना सामान देऊ नये. त्यांतील पुष्कळांकडे परवाना नसतो आणि सामान चढवून झाल्यावर ते पैसे मागतात. दुकानाने नाकारलेल्या वस्तूंसाठी पालिकेची नोंदणी विमानाच्या तारखेच्या किमान महिनाभर आधी करावी, कारण मार्चमध्ये त्या तारखा लवकर भरतात.