२१४७४८३६४७ ने मला कसं फसवलं

संख्या सिद्धांताला नवीनच हात घातला होता. २^३१ − १, म्हणजे २१४७४८३६४७, ही मूळ संख्या आहे असं वाचलं आणि म्हटलं, आपणच तपासू. प्रोग्रॅम साधा होता: ३, ५, ७ असे विषम आकडे घेऊन भाग देत जायचं, आकड्याचा वर्ग तपासायच्या संख्येच्या पुढे गेला की थांबायचं. लहान संख्यांना तो चटकन बरोबर उत्तर देई. इथे मात्र बराच वेळ गप्प बसला आणि शेवटी म्हणाला, मूळ नाही. विभाजक कोणता सापडला? तर २१४७४८३६४७!

चूक सापडायला दोन दिवस गेले. ३२ बिटांच्या चिन्हांकित (धन-ऋण दोन्ही आकडे ठेवणाऱ्या) चलात मावणारा सर्वांत मोठा आकडा नेमका हाच. ४६३४१ चा वर्ग त्याच्या ४६३४ ने पुढे जातो, तो उलटून ऋण झाला, थांबायची अट कधी लागूच पडली नाही आणि प्रोग्रॅम चालत चालत थेट त्या संख्येवरच जाऊन धडकला. तेव्हा चल ६४ बिटांचा घ्या.

तरी २३ हजारांवर भागाकार उरतातच. गणिती ऑयलरने अठराव्या शतकात हीच संख्या हाताने सोडवली, ती आधी विभाजकांचा साचा शोधून. घातांक विषम मूळ असेल तर २^घातांक − १ या संख्येचा प्रत्येक विभाजक घातांकाच्या दुपटीच्या पटीत अधिक १ असा असतो, शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. ३१ साठी दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागून १ किंवा ६३ उरणारेच आकडे शिल्लक राहतात. ४६३४१ पर्यंत ते पावणेचारशेसुद्धा भरत नाहीत. हे वाचल्यावर मी माझा प्रोग्रॅम मुकाट्याने बंद केला.

घातांक मूळ असला की संख्या मूळ, असं मात्र समजू नका. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. अशा संख्यांना ज्याचं नाव मिळालं त्या खुद्द मर्सेनने १६४४ मध्ये ६७ हा घातांक चुकून मूळ संख्या देणाऱ्या घातांकांच्या यादीत घातला होता. ल्युकाने १८७६ मध्ये ती संख्या मूळ नाही हे दाखवलं, तेही एकही विभाजक हाती नसताना. विभाजक कोलने १९०३ मध्ये दिले.

विभाजकाशिवाय हे कळतं कसं, ते कागदावरच करून बघा. ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, संख्येने भागून बाकी ठेवा. अशा पायऱ्या घातांकापेक्षा दोन कमी. १२७ साठी (घातांक ७): ४, १४, ६७, ४२, १११, ०. शेवटी शून्य आलं, म्हणजे मूळ. २०२४ मध्ये सापडलेल्या २^१३६२७९८४१ − १ या ४ कोटी १० लाखांवर अंकांच्या संख्येवरही हीच चाचणी चालवली गेली.

मग २०४७ घ्या. नऊ पायऱ्यांनी १७३६ उरायला हवेत. दुसरं काही आलं तर मधल्या बाक्या तपासा. मी ७८८ च्या वर्गापाशी घसरले होते.