पणजीचं माहेर शोधायचंय? जुनी इन्व्हेंटरी उघडा

आमच्या घराण्याच्या वंशावळीत नऊ पिढ्यांचे पुरुष आहेत, बाई एकही नाही. पणजीबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ती तिशीच्या आत विधवा झाली आणि तिने चार मुलं वाढवली. ती कुठल्या गावची, कुणाची लेक, हे सांगायला घरात कुणी उरलं नव्हतं. शेवटी ते कोर्टाच्या कागदांत सापडलं. गोव्यात ज्यांना असं कुणी शोधायचं आहे, त्यांना ती वाट सांगते.

१८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता आपल्याकडे १८७० साली लागू झाली. त्यानंतर माणूस गेला आणि वारसांत कुणी अज्ञान असेल, म्हणजे त्या काळी २१ वर्षांखालचं, तर मिळकतीची यादी आणि वाटणी कोर्टातच करावी लागे. हाच इन्व्हेंतारियु, आपल्या तोंडी इन्व्हेंटरी. वारस सगळे सज्ञान असले तर नोटरीकडे दस्त करून भागत असे. म्हणून शोध सुरू करायचा तो घरातल्या अकाली मृत्यूपासून. कर्ता पुरुष तरुणपणी गेला, त्या घराचे कागद सगळ्यात भरगच्च असतात.

कोर्टाची पायरी चढण्याआधी नाव, गाव आणि मृत्यूचं अदमासे वर्ष हाताशी हवं. वर्ष कुणालाच आठवत नसतं, पण श्राद्धाची तिथी घरोघरी पाळलेली असते. तिथीवरून महिना मिळतो. सगळ्यात धाकट्या मुलाचा जन्म कधीचा, हे कळलं की वर्षही पाच-सातच्या टप्प्यात येतं. मग गाव कुठल्या कोमार्कातलं ते पाहा. कोमार्क म्हणजे कोर्टाची हद्द: इल्हास (म्हणजे तिसवाडी), साष्टी, बार्देश, डिचोली, केपे. आजच्या तालुक्यांशी या हद्दी तंतोतंत जुळत नाहीत. त्या भागाच्या सिव्हिल जज सीनिअर डिव्हिजन कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज द्या आणि पणजी शहरातल्या पुराभिलेख खात्यातही विचारा.

खरी अडचण स्पेलिंगची. एका कार्यालयातून मला दोनदा ‘अशी फाईल नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. फाईल तिथेच होती, पण आम्ही इंग्रजी वळणाने शोधत होतो. पोर्तुगीज लिपिक ‘श’साठी एक्स लिहायचा, ‘क’साठी सी किंवा क्यू, आणि आपल्या ‘अ’चा पुष्कळदा ओ करायचा. म्हणून गणेश ‘गोणेश’ होतो, लक्ष्मण ‘लोक्षिमण’. यशवंत तर ‘एस्वोंत’ होऊन ई अक्षरात जाऊन बसतो. प्रभूचा पोरोबो, भटाचा बोतो, कामताचा कामोतिम, शेणव्याचा सिनाय. नामसूची बहुधा पहिल्या नावाने लावलेली असते, आडनावाने नव्हे. दोन-तीन रूपं आधीच कागदावर लिहून घेऊन जा.

फाईल हाती आली की सगळी भाषा येण्याची गरज नाही. मोजके शब्द ओळखता आले तरी पुष्कळ. व्हियुव्हा म्हणजे विधवा, फिल्यु मुलगा, फिल्या मुलगी, मेनोर अज्ञान, काझादु विवाहित, एर्देइरु वारस. सुरुवातीला ‘काबेसा द काझाल’चं, म्हणजे मिळकतीचा कारभार पाहणाऱ्याचं, निवेदन असतं. हयात पती किंवा पत्नी बहुधा हे काम पाही. मयत कधी, कुठे गेला, वारस कोण, त्यांची वयं काय, राहतात कुठे, हे सगळं तिथे शपथेवर लिहिलेलं. मुलींची नावंही मुलांच्या रांगेत, कारण वारसा सारखा. लग्न झालेल्या मुलीपुढे जावयाचं नाव येतं आणि बऱ्याचदा गावही. कुळवृत्तांतात ज्या लेकी कधी आल्याच नाहीत, त्या इथे आहेत.

माझ्या पणजीच्या निवेदनाखाली तिची सही नाही. ‘आ रोगु’ असं लिहून तिच्या विनंतीवरून दुसऱ्याच कुणी सही केली आहे. पुढे वस्तूंच्या यादीत एक ओळ आहे: उमा काल्देइरा द कोब्र, तांब्याचं एक भांडं, किंमत ४:०८:००. म्हणजे चार रुपये आठ टांगे, सोळा टांग्यांचा रुपया. ते भांडं बहुधा तिच्याच चुलीवर चढत असेल. त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले होते.

आता सर्वांत महत्त्वाचं पान. मुलं अज्ञान असली की ‘कोन्सेल्यु द फामिलिया’, म्हणजे कुटुंब परिषद नेमली जाई. १८६७च्या संहितेप्रमाणे तिच्यात पाच जवळचे नातलग: तीन बापाकडचे, दोन आईकडचे. हे आईकडचे दोघे म्हणजेच बाईचं माहेर! पुष्कळ जण फक्त वाटणीचं पान बघून फाईल मिटतात आणि हे पान तसंच राहून जातं. माझ्या फाईलमध्ये त्या दोघांतला एक मुलांचा मामा होता, पुढे आडनाव आणि गाव. ऐंशी वर्षं घरात कुणाला माहीत नसलेली गोष्ट एका ओळीत होती.

जमिनींच्या चतुःसीमाही वाचा. नासेंत पूर्व, पोएंत पश्चिम. कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, शेजारचा मालक पुष्कळदा वेगळा निघालेला चुलतभाऊच असतो. वारस मुंबईला गेला आणि पत्ता नसला तर त्याच्या नावाने ‘बोलेतिं’मध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात, एदितु, म्हणजे जाहीर नोटीस, निघे. पणजी शहरात पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुने अंक मागून पाहा. नोटरीकडची हक्कसोडपत्रंही सोडू नका. बहिणीने हक्क सोडला तरी दस्तात तिचं आणि नवऱ्याचं, दोघांचं नाव येतंच.

मामाचं गाव कळल्यावर मी तिथल्या देवळाच्या महाजनांच्या, म्हणजे देवळावर हक्क असलेल्या घराण्यांच्या, यादीत ते आडनाव ताडून घेतलं, मगच त्या घरी गेले. कोर्टाच्या कागदात पणजीचं फक्त सासरचं नाव आहे. माहेरच्या घरातल्या नव्वदीच्या आजीबाईंनी मात्र तिला भलत्याच नावाने ओळखलं, लग्नाआधीच्या. ते मी वंशावळीत सासरच्या नावाच्या आधी लिहिलं.