पहिल्या हिवाळ्यासाठी एक सूप

नोव्हेंबर संपत आला की आमच्याकडे एक फोन हमखास येतो. कुणाचा तरी भाचा असतो, कुणाची नवी सून असते, नाहीतर ऑगस्टमध्ये अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात शिकायला आलेल्या पोरांपैकी कुणीतरी. घसा बसलेला, नाक चोंदलेलं. "काकू, इथे साडेचारलाच अंधार पडतो हो. काहीतरी गरम गरम प्यावंसं वाटतंय."

वरण-भात आणि खिचडी त्यांना येते, ती रोज चाललेलीच असते. त्यांना हवं असतं ते संध्याकाळी चायनीजच्या गाडीपाशी उभं राहून, फुंकर मारत मारत प्यायलेलं सूप. साताऱ्याला राजवाड्याच्या चौपाटीवर आम्ही प्यायचो, वर कुरकुरीत तळलेल्या नूडल्स घातलेलं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहून मला एकोणीस वर्षं झाली तरी ती चव जिभेवरून गेलेली नाही, मग तीन महिन्यांपूर्वी आलेल्या पोराला काय बोलणार! दरवर्षी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

आधी एक सांगते. कोपऱ्यावरच्या चायनीज टेकआउटमध्ये, म्हणजे पार्सल देणाऱ्या दुकानात, जाऊन ते गाडीवरचं मंचाव सूप मागू नका. मी मागितलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी दोनदा विचारलं, मग मेनूचा कागद माझ्याकडे सरकवला. मंचाव, गोबी मंचुरियन, शेजवान राइस हे सगळं आपल्या देशातलं चायनीज. चिकन मंचुरियनचा जन्म १९७५ मध्ये मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, नेल्सन वाँग यांच्या हातून झाला असं सांगतात. कोलकात्यात वाढलेला चिनी कुटुंबातला माणूस, आणि आलं-लसूण-मिरची आपली. चीनहून थेट अमेरिकेत आलेल्या माणसाला ती नावं परकीच. ओक ट्री रोडच्या बाजूला देशी चायनीजची हॉटेलं आहेत, तिथे मंचाव मिळेल. पण काउंटरच्या वर पदार्थांचे फिके पडलेले फोटो लावलेलं जे छोटं दुकान तुमच्या अपार्टमेंटच्या खाली असतं, तिथे बहुतेक तीनच सुपं: वाँटन, हॉट अँड सावर आणि एग ड्रॉप.

वाँटन म्हणजे सुपात सोडलेल्या सारणाच्या पुरचुंड्या, त्यांच्या आत बहुधा पोर्क असतं. हॉट अँड सावरमध्येही पोर्कच्या बारीक पट्ट्या पुष्कळदा सापडतात. एग ड्रॉप, म्हणजे फेटलेल्या अंड्याची धार सोडलेलं सूप, दिसायला साधं, पण त्याचं पाणी चिकनचं. त्यामुळे शाकाहारी असाल तर नुसतं "व्हेज आहे का?" विचारून भागत नाही, "ब्रॉथ कशाचा आहे?" असं विचारायचं, ब्रॉथ म्हणजे सुपाचं मूळ पाणी. समोरचा माणूस खरं सांगतो, फक्त प्रश्न नेमका हवा.

"हे कुठलं खरं चायनीज!" म्हणून नाक मुरडणारे नवीन आलेल्यांत पुष्कळ भेटतात. मला ते रुचत नाही. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना या देशाचं दार बंद केलं, ते १९४३ पर्यंत बंदच होतं. मध्ये १९१५ साली हॉटेलमालकाला व्यापाऱ्याचा दर्जा मिळू लागला, म्हणजे चीनला ये-जा करायची, माणसं आणायची सोय झाली, आणि मग भराभर हॉटेलं निघाली. व्हिसाच्या रकान्यात बसायला माणूस काय काय करतो हे एच-वन आणि एच-फोरवाल्यांना मी काय सांगू? आज न्यूयॉर्कच्या आसपासची कितीतरी टेकआउटं चीनच्या फुझो भागातून आलेल्या कुटुंबांची आहेत. जे मिळतंय त्यात भागवून, इथल्या गिऱ्हाइकाच्या जिभेला चालेल असं रांधलेलं ते अन्न आहे. आपणही इथे पॅनकेकच्या पिठाचे मालपुवे करतोच की.

तर मी शिकवते ते एग ड्रॉप. चिनीत त्याला अंड्याच्या फुलांचं सूप म्हणतात, आणि नीट जमलं तर तसंच दिसतं. करायला दहा मिनिटं. वेळ जातो तो दुकानात, कारण आपल्या ओळखीचे शब्द इथे फसवतात.

मी फसले ती कॉर्नफ्लोअरला. पहिल्या जानेवारीत, बर्फातून चालत जाऊन, ग्रोसरीच्या फळीवरून 'कॉर्न फ्लोअर' असं स्वच्छ लिहिलेली पिशवी आणली. पाण्यात कालवली, उकळत्या रश्श्यात ओतली. रंग पिवळा, चव मक्याच्या भाकरीची, आणि पातेल्यात जे तयार झालं ते सरळ पिठलं होतं. नवऱ्याने ते पोळीशी खाल्लं, वर कच्चा कांदा मागितला आणि त्याला 'चिनी पिठलं' असं नावही ठेवलं. ते नाव आमच्या घरात अजून निघतं. झालं होतं असं की इथे कॉर्न फ्लोअर म्हणजे मक्याचं दळलेलं पीठ. भारतात आपण ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो, ती पांढरीशुभ्र, चिमटीत दाबली की कुरकुरणारी पावडर, तिचं इथलं नाव कॉर्नस्टार्च. ती बेकिंगच्या फळीवर, बेकिंग पावडरच्या शेजारी असते. एवढं एक वाक्य मला कुणी सांगितलं असतं तर!

तिळाच्या तेलाचंही तसंच. देशी दुकानात मिळणारं फिकट पिवळं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं, लोणच्याला आणि फोडणीला चांगलं, पण सुपात घातलं तर काहीच कळत नाही. आपल्याला हवं ते भाजलेल्या तिळाचं, गडद तपकिरी, छोट्या बाटलीतलं. बाटली उघडली की तिळगुळाचे तीळ भाजताना येतो तसा वास येतो. ते एशियन दुकानात घ्या. एच मार्ट किंवा नाइंटी नाइन रँचला एकदा गाडीवाल्या मित्राबरोबर जाऊन या, सोया सॉस आणि वाळवलेले मशरूमही तिथूनच आणा. पांढरी मिरी मात्र देशी दुकानातून, तिथे स्वस्त पडते. ही वेगळी जात नव्हे, मिरीच्याच दाण्याचं वरचं साल काढलेलं असतं. काळी मिरी चालते का? चालते, पण टेकआउटचा तो वास येत नाही. तो बराचसा पांढऱ्या मिरीचा आणि भाजक्या तेलाचाच असतो.

कांद्याची पात इथे स्कॅलियन नाहीतर ग्रीन ओनियन या नावाने मिळते, दोन्ही एकच. मुळाकडची दोन बोटं कापून पाण्याच्या पेल्यात खिडकीत उभी करा, आठवड्यात पुन्हा हिरवी पात फुटते. बाहेर सगळं करडं असताना खिडकीत तेवढंच हिरवं दिसतं.

चिकन ब्रॉथचा ३२ औंसांचा खोका येतो, म्हणजे बरोबर चार कप. कप म्हणजे इथला मापाचा कप, साधारण २४० मिली, आपली आमटीची वाटी नव्हे. 'लो सोडियम' लिहिलेलाच घ्या. साध्या खोक्यात मीठ इतकं असतं की वर सोया सॉस पडला की सूप खारट झालंच समजा, आणि इथे आपल्याकडच्यासारखा कणकेचा गोळा टाकून ते वाचवता येत नाही.

आता करायला घेऊ. खोकाभर ब्रॉथ पातेल्यात ओता, आल्याच्या तीन-चार चकत्या टाका, आणि उकळी येईपर्यंत बाकीचं मांडून ठेवा. तीन मोठे चमचे कॉर्नस्टार्च पाव कप गार पाण्यात कालवा. पाणी गारच हवं, गरम पाण्यात गुठळ्या होतात आणि त्या मग काही केल्या मोडत नाहीत. दोन अंडी काट्याने फेटा, फेस येईपर्यंत नको, पांढरं-पिवळं एक झालं की बास. त्यात अर्धा चमचा कॉर्नस्टार्चचं पाणी घातलं तर अंडं मऊ राहतं. टेकआउटचा तो पिवळा रंग हवा असेल तर चिमटीच्या टोकावर येईल एवढीच हळद. जास्त पडली की ते सूप राहत नाही, आजारपणातला काढा होतो.

उकळी आली की आलं काढून टाका, पाव छोटा चमचा पांढरी मिरीपूड आणि हळद घाला. कालवलेलं कॉर्नस्टार्च तळाशी बसलेलं असतं, ते पुन्हा एकदा ढवळा आणि एका हाताने सोडत दुसऱ्या हाताने रस्सा हलवत राहा. मिनिटभर उकळू द्या. आधी दुधाळ दिसतं, मग पारदर्शक होतं आणि डावाच्या पाठीला धरतं. हा दाटपणा आधी यायलाच हवा. पातळ पाण्यात अंडं सोडलं तर त्याचे बारीक कण होऊन गढूळ दिसतं, दाट रश्श्यात ते तरंगत राहतं.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या अपार्टमेंटमध्ये बहुधा वेटोळ्याची इलेक्ट्रिक शेगडी असेल. ती बंद केली तरी पाच-दहा मिनिटं तापलेली राहते. गॅसवर वाढलेल्या आपल्या हाताला हे कळायला एक हिवाळा जातो, तोपर्यंत दूध उतू जातच राहतं. म्हणून नुसतं बटण फिरवून भागणार नाही, पातेलंच उचलून शेजारच्या गार वेटोळ्यावर ठेवा. खळखळ थांबली, वाफ येतेय, अशा वेळी काट्याच्या दातांवरून अंड्याची बारीक धार उंचावरून सोडा आणि दुसऱ्या हाताने रस्सा एकाच दिशेने, सावकाश फिरवा. जोरात ढवळलंत तर चुरा होतो. मोठ्या पाकळ्या हव्या असतील तर धार सोडल्यावर दहा-पंधरा सेकंद हात लावू नका, मग एकदाच फिरवा. कढी करताना ती फुटू नये म्हणून आपण जसं तिच्यावर डोळा ठेवून उभं राहतो, तसं हे एक मिनिट उभं राहायचं. फोन उचलायचा नाही.

शेवटी एक छोटा चमचा भाजक्या तिळाचं तेल, बारीक चिरलेली पात, चव बघून मग मीठ. चार वाट्या होतात, नाहीतर दोन भुकेल्या पोरांचं एक जेवण.

या सुपाला फोडणी नाही हे लक्षात आलं का? पहिल्या हिवाळ्यात हे फार मोठं सुख आहे. खिडक्या बंद, वरचा पंखा हवा बाहेर टाकण्याऐवजी स्वयंपाकघरातच फिरवणारा, आणि सुक्या मिरचीची फोडणी दिली की स्मोक अलार्म कोकलतो. आमच्या पहिल्या इमारतीत ठेच्यापायी रात्री नऊला सगळा मजला जिन्यात उभा होता, कुणी पायजम्यात, कुणी मांजर काखेत घेऊन. शेजाऱ्यांशी आमची ओळख झाली ती अशी.

शाकाहारी मंडळींनी खोक्यातला व्हेजिटेबल ब्रॉथ घेण्याआधी दोनदा विचार करावा. गाजर आणि सेलरीने तो गोडसर होतो, काहींत टोमॅटोही असतो, आणि चायनीज चवीशी त्याचं जमत नाही. त्यापेक्षा पाच-सहा वाळवलेले शिताके मशरूम गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. ते तपकिरी पाणी गाळून घ्या, त्यात आलं, पातीचा पांढरा भाग आणि कोबीचा दांडा घालून वीस मिनिटं उकळा. मी मांसाहारी असूनही पुष्कळदा हेच वापरते. अंडं चालत नसेल तर मऊ टोफूच्या बारीक पट्ट्या सोडा, आणि याच पाण्यातून सरळ हॉट अँड सावरकडे वळा: भिजलेले मशरूम उभे चिरून, डब्यातले बांबूचे कोंब, दोन चमचे सोया सॉस, दाटपणा आला की आच बंद करून दोन-अडीच मोठे चमचे व्हिनेगर आणि अर्धा चमचा पांढरी मिरी. तिखटपणा मिरचीचा नसतो, या मिरीचा असतो. व्हिनेगर उकळू नका, आंबटपणा उडून जातो. चिनी काळं व्हिनेगर मिळालं तर उत्तम, नाहीतर साधं.

आणि अगदीच राजवाड्याची आठवण अनावर झाली तर आलं-लसूण-हिरवी मिरची बारीक चिरून मध्यम आचेवर तेलात नुसती परता, जाळू नका, अलार्म लक्षात ठेवा. त्यात कोबी-गाजर, सोया सॉस, पाणी, कॉर्नस्टार्च, भरपूर कोथिंबीर. वरच्या तळलेल्या नूडल्सचं काय? टेकआउटवाले सुपाबरोबर कागदी पिशवीत कुरकुरीत पट्ट्या फुकट देतात. त्या कधी टाकू नका, डब्यात साठवा.

डब्यावरून आठवलं. टेकआउटचं सूप येतं ते गोल, झाकणाचे प्लास्टिकचे डबे धुऊन ठेवा. पुढच्या महिन्यापासून तुमची चटणी, डाळीचं वाटण आणि मित्राकडे द्यायची भाजी त्यांतूनच जाणार आहे. फक्त हळदीचं गरम गरम काही ओतलंत तर तो डबा कायमचा पिवळा.

उरलेलं सूप दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका, दोन-तीन दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी ते खिरीसारखं घट्ट दिसेल. मंद आचेवर अर्धा कप पाणी घालून गरम करा, उकळू नका. फ्रीझरमध्ये ठेवू नका, पाणी सुटतं आणि अंडं चिवट होतं. कधी अर्धाच खोका वापरलात तर उरलेला ब्रॉथ मात्र बर्फाच्या साच्यात ओतून गोठवून ठेवा. ताप आलेल्या दिवशी खाली दुकानात जायचं त्राण नसतं, तेव्हा आठ-दहा खडे पातेल्यात टाकले की झालं.